जे सोसतं, त्याचा स्वयंपाक

दोन वर्षांच्या मुलाला दूध सोसत नाही असं कळलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘मग आता हा खाणार तरी काय?’ दुधापाठोपाठ गहू बंद झाला, अंडं बंद झालं, शेंगदाण्यावरही फुली पडली, की रोजच्या सवयीच्या स्वयंपाकाचीच धास्ती वाटू लागते. सकाळचं दूध-बिस्कीट, दुपारची तूप-साखर-पोळी, संध्याकाळी रव्याचा लाडू, रात्री दहीभात. मराठी घरातली मुलं ज्यावर वाढतात, त्यातलं काही उरलंच नाही असं वाटतं. आईची झोप उडते, आजीचा विश्वास बसत नाही, आणि मूल तर भुकेलं असतं.

अशा मुलाच्या आहारात दोन जबाबदाऱ्या येतात. जे बंद केलंय ते खरोखरच बंद करायला हवं का, याची खात्री करून घेणं ही पहिली. बंद केलेल्या पदार्थातून जे मिळत होतं, ते दुसऱ्या वाटेने मुलाच्या पोटात पोचवणं ही दुसरी. पहिलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, दुसरी मागे पडते. मग भात, बटाटा आणि केळं यांवर मूल पोट भरत राहतं. वरवर तब्येत बरी दिसते, पण वजनाचा आलेख आडवा होत जातो. म्हणून काढलेल्या प्रत्येक पदार्थाची जागा लगोलग भरायला हवी. ती भरण्याचं बरंचसं सामान आपल्या फडताळात आधीपासून असतं, आणि जिथे ते पुरत नाही, तिथे औषधाची मदत घेण्यात काही कमीपणा नाही.

एकच तक्रार, तीन कारणं

‘सोसत नाही’ या एका तक्रारीमागे शरीरात अगदी वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात आणि स्वयंपाक त्यावर ठरतो.

पहिली गोष्ट पचनाची. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. ते कमी पडलं की साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, पोट फुगतं, आंबूस वासाचे पातळ जुलाब होतात आणि शी-ची जागा लाल होते. आपल्याकडे अनेक मोठ्या माणसांना दूध पचत नाही ते याच कारणाने. पण वयाबरोबर लॅक्टेज कमी होत जाण्याची ही प्रक्रिया सहसा पाच वर्षांनंतर दिसू लागते. दीड-दोन वर्षांच्या मुलात हा त्रास बहुधा जुलाबाच्या आजारानंतर होतो. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, ते काही आठवड्यांत भरून येतं आणि दूध पुन्हा पचू लागतं.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. इथे दोष साखरेचा नसून प्रथिनाचा असतो. शरीराची संरक्षण व्यवस्था दूध, अंडं, शेंगदाणा किंवा गहू यांतल्या प्रथिनाला शत्रू समजते. काही मुलांत काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. काहींत हे सावकाश, काही तासांनी किंवा दिवसांनी होतं: शी-मध्ये रक्त किंवा शेंब पडते, इसब बळावतो, वजन वाढत नाही.

तिसरी गोष्ट सिलिअ‍ॅक आजाराची. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. उत्तर भारतात हा आजार बराच आढळतो. तो जन्मभर राहतो आणि त्यावर ग्लुटेन वर्ज्य करणं हाच उपाय आहे.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला दही, ताक, तूप बहुधा चालतं, कारण विरजण लागताना काही साखर जिवाणूंनी संपवलेली असते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलाला मात्र ताकाचा चमचाही नको; विरजणाने प्रथिन नाहीसं होत नाही. तुपातही ते अंशमात्र उरू शकतं. आणि सिलिअ‍ॅक असलेल्या मुलासाठी पोळपाटावर राहिलेलं कणकेचं पीठही जास्त होतं.

‘गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या’ हा सल्ला प्रत्येक घरात येतो, आणि तो प्रेमापोटीच येतो. पण गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत, की एकाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना दुसऱ्याचीही असते. लॅक्टोज तर तिन्हींत आहे. गीर गाईचं म्हणून विकलं जाणारं ‘ए-२’ दूधही याला अपवाद नाही.

खात्री कशी करायची

या बाबतीत एका डच डॉक्टरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विलेम कारेल डिके हे हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात काम करत. सिलिअ‍ॅक आजाराने खंगलेली मुलं त्यांच्याकडे येत. त्या काळी अशा मुलांना नुसत्या केळ्यांवर ठेवण्याचा उपचार प्रसिद्ध होता. गव्हाने ही मुलं बिघडतात असा डिके यांचा संशय युद्धापूर्वीचा. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये अन्नाचा भीषण तुटवडा पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. त्या उपासमारीत ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा बिघडली. डिके यांनी पुढे पद्धतशीर निरीक्षणं केली आणि १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला.

ज्या क्रमाने ही गोष्ट उलगडली, तीच आजही अन्नाचा त्रास ओळखण्याची रीत आहे: पदार्थ थांबवायचा, सुधारणा होते का पाहायचं, आणि तो पुन्हा देऊन त्रास परततो का हे तपासायचं. सावकाश होणाऱ्या त्रासात डॉक्टर साधारण दोन ते चार आठवडे पदार्थ बंद ठेवायला सांगतात आणि मग पुन्हा द्यायला लावतात. हा शेवटचा टप्पा बहुतेक घरांत गाळला जातो. दूध बंद केलं, मूल बरं झालं, आता कशाला विषाची परीक्षा, असं वाटतं. पण त्याच दरम्यान पोटाचा संसर्ग आपोआप बरा झालेला असू शकतो, किंवा दिवसभर पाजला जाणारा पॅकबंद फळांचा रस थांबलेला असू शकतो. जास्त रसानेही लहान मुलांना पातळ शी होते. पुन्हा देऊन पाहिलं नाही, तर निर्दोष पदार्थ वर्षानुवर्षं बंद राहतो.

इथे तीन सूचना काटेकोर पाळायला हव्यात. ज्या मुलाला पूर्वी लगेच गांधी, सूज किंवा धाप लागली असेल, त्याला तो पदार्थ घरी पुन्हा देऊन पाहू नये. ती चाचणी रुग्णालयातच व्हावी. असा त्रास घरात अचानक झाला, मूल घरघरू लागलं किंवा मलूल पडलं, तर वाट न पाहता १०८ला फोन करावा. सिलिअ‍ॅकचा संशय असेल तर रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, कारण गहू थांबला की तपासणीत दोष दिसेनासा होतो. आणि रक्तातल्या ‘आयजीजी’ या प्रतिपिंडावरून पन्नास-शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर आहार ठरवू नये. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्लेला आहे, इतकंच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी या तपासण्या न करण्याचा सल्ला दिला आहे.

भीतीपोटी आधीच बंदी घालणंही अंगाशी येतं. लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लीप’ अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं घेतली होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा ‘थोरल्याला सोसत नाही म्हणून धाकट्यालाही नको’ असं परस्पर ठरवू नये, डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

रिकामी जागा भरताना

आता हिशेब पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप, म्हणजे ४०० मिलिलिटर दुधातून त्यातलं जवळपास सगळं मिळतं, शिवाय बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं आणि बी-१२ही. दूध बंद झालं की ही भलीमोठी जागा रिकामी होते.

नाचणी इथे धावून येते. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; एवढं दुसऱ्या कोणत्याही रोजच्या धान्यात नाही. पण दोन वर्षांचं मूल १०० ग्रॅम नाचणी खात नाही. वाटीभर आंबिलात २० ग्रॅम पीठ पडतं आणि त्यातून मिळतं ७० मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः तिच्या सालीत असतं, त्यामुळे वस्त्रगाळ सत्त्वात चोथ्याबरोबर त्यातलं काही निघून जातं. तान्ह्या बाळाला सत्त्व ठीक आहे. दीड वर्षानंतर मोड आणून, वाळवून दळलेलं अख्ख्या नाचणीचं पीठ द्यावं. मोड आल्याने लोह आणि कॅल्शियम शोषायला अडथळा करणारं फायटेटही कमी होतं. तीळ चालत असतील तर चमचाभर कूट, राजगिरा, हिरवा पाला हे सगळं थोडी थोडी भर घालतं. तरीही ५००चा आकडा गाठणं अवघड जातं. म्हणून दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाला कॅल्शियमचं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचं औषध किती द्यायचं, हे डॉक्टरांना आपणहून विचारावं. घरात अंडी, मासे, मटणही नसेल तर बी-१२ औषधातूनच द्यावं लागतं. ते पुरेसं देऊ शकेल असं एकही धान्य किंवा भाजी नाही.

दुधाऐवजी काय प्यायला द्यायचं, हा पुढचा प्रश्न. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिनं आणि कॅल्शियम नगण्य. बदामाच्या पेयात बहुतांश पाणीच. तांदळाच्या पेयाबद्दल तर ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा स्पष्ट इशारा आहे: त्यातल्या आर्सेनिकमुळे पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये. दुधाच्या जागी असली पेयं मुख्य अन्न म्हणून दिल्याने लहान मुलांत तीव्र कुपोषण झाल्याची उदाहरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या जवळ येतं ते कॅल्शियम घातलेलं सोयाचं पेय. पण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही, म्हणून तेही विचारूनच.

प्रथिनांसाठी डाळ-तांदूळ ही आपली जोडी भक्कम आहे, कारण एकात जे कमी ते दुसऱ्यात असतं. मात्र वरणाचं वरचं पाणी म्हणजे वरण नव्हे. डाळीचा अर्क म्हणून प्रेमाने भरवलेल्या त्या पाण्यात प्रथिनं फारच थोडी असतात. डाळ तळाशी बसलेली असते. मऊ शिजलेली, घोटलेली दाट डाळ मुलाच्या ताटलीत यायला हवी. कोंबडीच्या नुसत्या सुपाचंही तेच, मांस बारीक करून द्यावं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार किलोकॅलरी लागतात आणि पोट तर मुठीएवढं. तूप-लोणी बंद असेल तर प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा ओलं खोबरं घातल्याशिवाय ही बेरीज जमत नाही. वरणभातावर लिंबू पिळायची आपली सवयही कामाची आहे: त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

गव्हाविना पोळी, अंड्याविना धिरडं

पोळी लाटली जाते ती ग्लुटेनच्या जोरावर. कणीक मळताना त्याची लवचीक जाळी तयार होते आणि पोळी न तुटता पसरते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही. मग भाकरी कशी होते? उकळत्या पाण्याने. आधणाचं पाणी पिठात पडलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की भाकरीच्या कडा चिरतात, ‘विरी गेली’ असं आपण म्हणतो. अशा वेळी पिठाची उकड काढली की काम भागतं. लहान मुलासाठी पीठ नेहमीपेक्षा जास्त मळावं, भाकरी तळहाताएवढी आणि पातळ थापावी आणि गरम असतानाच वरणात कुस्करून द्यावी. गार झालेली भाकरी चिमुकल्या दातांना झेपत नाही.

कोकणातलं घावन अशा मुलासाठी फार सोयीचं. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन रात्रभर भिजवावी, सकाळी गंधासारखी वाटावी आणि ताकासारखं पातळ पीठ करून मीठ घालावं. बिडाचा तवा चांगला तापला की अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा. पीठ कडेकडून मध्ये ओतत यायचं. चर्र आवाज झाला आणि जाळी पडली म्हणजे तवा बरोबर तापला आहे. पीठ नुसतं पसरलं तर तो थंड आहे. झाकण ठेवून मिनिटभराने कडा सुटल्या की उलटायचं. पिठात उकडून किसलेला लाल भोपळा मिसळला तर घावन मऊ राहतं आणि थोडी गोडीही येते. दूध नाही, गहू नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही, आणि ताटात सगळ्यांना तेच वाढता येतं. सोबत नारळाची चटणी, मोठ्यांना तिखट, मुलाला बिनमिरचीची.

गोड पदार्थांत आणि केकात अंड्याचं काम मिश्रण धरून ठेवण्याचं असतं. जवसाची एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की ती बुळबुळीत होते आणि तेच काम करते. पिकलेलं केळंही चालतं.

लपलेले पदार्थ

ताटातून काढलेला पदार्थ मागच्या दाराने परत येतो. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं; ग्लुटेन वर्ज्य असेल तर डबी वाचूनच हिंग घ्यावा. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू घालायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ येतंच. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाचं धान्य घरच्या छोट्या चक्कीवर किंवा मिक्सरवर वेगळं दळावं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कोशिंबीर, रस्साभाजी, साबुदाण्याची खिचडी यांतलं कूट उघड दिसतं, पण घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनाचे अंश राहतात. कूट काढलेल्या मिक्सरच्या भांड्यात मुलाची चटणी वाटू नये.

पाकिटावर वाचायची सवय लावून घ्यावी. २०२०च्या नियमांनुसार भारतात ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया आणि सल्फाइट यांची सूचना पाकिटावर ठळकपणे द्यावी लागते. केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे सगळं दूधच. तिळाचं नाव या यादीत नाही, त्यामुळे तीळ वर्ज्य असतील तर घटकांची यादी पूर्ण वाचावी लागते. अमेरिकेत २०२३पासून तिळाची नोंदही सक्तीची झाली आहे.

सगळ्यांबरोबर बसून

अशा मुलाचं सर्वांत मोठं दुःख पंगतीत वेगळं पडण्याचं असतं. म्हणून शक्य तिथे मुलाचा पदार्थ हाच घराचा पदार्थ करावा. आपल्या सणांत त्याला पुष्कळ वाव आहे. उकडीचे मोदक तांदूळ, नारळ आणि गुळाचे. वरची तुपाची धार तेवढी टाळायची. तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली, तांदळाचे अनारसे, पुरणपोळीच्या दिवशी वाटीभर नुसतं पुरण. उपासाची भगर, राजगिऱ्याची लाही, शिंगाड्याचं पीठ यांत गहू मुळातच नाही.

आजीला नुसत्या नकारांची यादी देऊ नये. ‘हे देऊ नका’ याच्याबरोबर ‘हे तुम्ही करून द्या’ असं एक काम तिच्याकडे सोपवावं. पीठ भिजवणारी, घावन घालणारी आजी बंदी सगळ्यांत आधी पाळते. पाळणाघरात आणि शेजारी मुलाच्या खाऊची डबी आधीच देऊन ठेवावी.

दोन वर्षांचं मूल नव्या चवीला नाही म्हणतंच. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर ते तो चाखतं. एरवी हे चालून जातं. पण जिथे मोजकेच पदार्थ उरलेत तिथे आईबाप घाबरून मागे लागतात, घास कोंबतात, आणि मूल जेवणालाच घाबरू लागतं. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं; किती खायचं हे मुलावर सोडावं. दर महिन्याला वजन-उंची तक्त्यावर मांडली की त्या दिवशीच्या उरलेल्या दोन घासांची चिंता कमी होते.

शेवटची विनंती सगळ्या घरांना. स्वयंपाकघरात एक कागद लावा. बंद असलेल्या प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहा: का बंद केला, कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुन्हा कधी तपासायचा. सिलिअ‍ॅकसाठी गव्हापुढचा तिसरा रकाना कायमचा रिकामा राहील. पण दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी असलेली बहुसंख्य मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात, आणि जुलाबानंतरचा लॅक्टोजचा त्रास तर काही आठवड्यांचाच असतो. ज्या बंदीपुढे कारण लिहिता येत नाही, ती घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मुलाच्या ताटात एक पदार्थ परत येणं, ही त्या वयात फार मोठी कमाई आहे.